समासातली सोबत

पन्नाशीत मला एम. ए.ला प्रवेश मिळाला, तो यादी करणाऱ्याला डुलकी लागली म्हणूनच, असं माझं ठाम मत. लेक म्हणाली, "आई, डबा भरून देते. वर्गात रडायचं नाही हं!" मी हसले, पण पर्समध्ये प्रवेश रद्द करायचा अर्ज होता.

तो देण्याआधी ग्रंथालयात डोकावले. नेमलेल्या पुस्तकाचं पहिलं पान तीनदा वाचलं. ओ की ठो कळेना. तेवढ्यात समासाकडे लक्ष गेलं. फिकट पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, 'कळलं नाही.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'मलाही.' मग तिसरं अक्षर, चौथं. किती वर्षांची माणसं या एका परिच्छेदापाशी अडखळली होती! पुढे चाळलं, तर ते पहिलं फिकट अक्षर शेवटच्या पानापर्यंत गेलेलं. प्रश्न विचारत, लेखकाशी भांडत. देवळात शिरताना काढाव्यात तशा मी टेबलाखाली चपला काढल्या.

पुस्तकात लिहू नये म्हणून लेकीला जन्मभर ओरडत आलेय. तरी इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांच्या खाली बारीक 'मलाही' लिहिलं, आणि अर्जाची घडी खुणेला घालून पुढचं वाचायला घेतलं.