रिपोर्ट नॉर्मल, सून आजारी

मंडळी, आजार निघाला म्हणून आनंदाने रडणारी बाई पाहिली आहे का कधी? मी आज दुपारी पाहिली. माझी सून.

ती इथलीच, या हिंदी मुलखातली. महिन्याहून जास्त दिवस तिचं पोट बिघडलेलं, वजन उतरत चाललेलं. सूक्ष्मदर्शकाखाली शौचाची तपासणी झाली, ती नॉर्मल आली आणि घरात सगळेच डॉक्टर झाले. माझे चिरंजीव म्हणाले, "टेन्शन आहे." ते बँकेत असतात.

मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "आंटीजी, ये जंतु रोज नहीं निकलता. एक बार नहीं दिखा, इसका मतलब ये नहीं कि है ही नहीं." त्यांनी अँटिजेन तपासणी लिहून दिली. त्या तपासणीत जंतू डोळ्यांना दिसावा लागत नाही, त्याची प्रथिनं सापडली तरी पुरतं. आज रिपोर्ट आला: जिआर्डिया, आतड्यात राहणारा जंतू.

बडा बाजारातल्या लॅबमधून रिपोर्ट घेऊन रिक्षाने येताना तिने माझा हात धरला. "मम्मीजी, मैं बहाना नहीं बना रही थी न?"

मी पदराने तिचे डोळे पुसले. "मुझसे क्या पूछती है? घर चलकर अपने बैंकवाले डॉक्टर से पूछ." तेव्हा कुठे ती हसली.

औषध सुरू झालंय. पण मला सांगा, घरातल्या बाईला दुखतंय हे मानायला आपल्याला कागद का लागतो?