जयवंतीबाई वाचायच्या तेव्हा

जयवंतीबाई आज पहाटे गेल्या.

पहिल्याच भेटीत मी त्यांना झापलं होतं.

मी तेव्हा अंगणवाड्यांची नवी सुपरवायझर. एमए मराठी. डहाणूहून कासा, तिथून जीपने त्यांच्या पाड्यावर पोचले होते.

बाई पोरांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होत्या. म्हैस आणि बगळ्याच्या मैत्रीचं. पुस्तकाचं तोंड पोरांकडे, पाठ स्वतःकडे. एकदाही पानाकडे न बघता वाचन चालू.

पुस्तकातली म्हैस म्हणते, "तुझ्यावाचून मला करमत नाही."

बाईंची म्हैस म्हणाली, "तू नाय तं मी भांडू कोनाशी?"

पोरं खिदळली. मी नाही.

"बाई, हे वाचन नाही. पुस्तकात बघून वाचा."

"पुस्तक पोरांनी बघायचं, मॅडम. मी पोरांना बघायचं."

मी शेरा लिहिला. सुधारणा आवश्यक.

चार वर्षांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, सिल्वासाला. जीव वाचला. आवाज गेला.

ऑफिसात विषय निघाला. बोलताच येत नाही तर अंगणवाडी कशी चालवणार? दुसरी बाई नेमा. अहवाल मी द्यायचा होता.

मी गेले. बाई आता पाटीवर लिहून बोलत. पाटी पुढे केली: "आधी बसा."

मदतनीस लखमीने पोरांना गोळा केलं. बाईंनी तेच पुस्तक काढलं. तोंड पोरांकडे. पहिलं पान.

कोणीच बोलेना.

मला वाटलं, संपलं.

बाई एकेका पोराकडे बघत राहिल्या. घाई नाही.

मग चार वर्षांची सविता म्हणाली, "एक होती म्हस."

"काळी!" मागून कोणीतरी.

मग सगळीच. अख्खं पान. अक्षरओळख एकालाही नव्हती.

बगळा आला. भांडण झालं. म्हैस रुसून नदीपार गेली. पानागणिक आवाज चढत गेला.

आणि बाईंनी दोन पानं एकदम उलटली.

"ओ बाई, मागं घे!" सविता उठून उभीच राहिली. "म्हस अजून रुसलीय!"

"बगळ्यानं हाक कुठं मारली?"

"आधी हाक, मंग दोस्ती!"

बाईंनी पान मागे घेतलं. पोरांनी बगळ्याच्या वतीने हाक मारली. दाराशी बसलेली एक आजी दचकून आत डोकावली.

नंतर मी विचारलं, "पानं चिकटली होती का?"

पाटीवर एकच शब्द आला.

"मुद्दाम."

आणि हसल्या. आवाजाशिवाय, पण पूर्ण.

मी अहवालात लिहिलं: गोष्टवाचन रोज होतं. बदलाची गरज नाही.

साहेबांनी विचारलं, "वाचतं कोण?"

"पोरं."

"काहीही काय, मॅडम?"

"येऊन बघा, सर."

ते आले. बघितलं. जीपमध्ये बसले. मग म्हणाले, "राहू दे त्यांना."

निवृत्त होईपर्यंत बाई तिथेच राहिल्या. सात वर्षं. एक शब्द न उच्चारता.

दर जूनला नवी पोरं यायची. जुनी पोरं त्यांना गोष्ट शिकवायची, आणि चुकलं की ओरडायची. बाई फक्त पुस्तक धरून असायच्या.

त्या अंगणवाडीत गोष्ट एक दिवसही बंद पडली नाही.

बाई, तुमच्या सगळ्या पोरांचा आणि माझा शेवटचा नमस्कार.