ओढणीखालचं डोकं

खाज पहिल्यांदा कानामागे आली. मग मानेवरच्या केसांत, मग टाळूपर्यंत. आधी नखाखाली कोंडा यायचा, पुढे पापुद्रे यायला लागले, आणि थंडी सुरू झाली तसं पापुद्र्याबरोबर रक्त. सकाळी उशीवर खपल्या पडलेल्या असायच्या. आई उठायच्या आत मी अभ्रा अंगणात झटकून यायचे.

डोक्याला काहीतरी झालंय एवढीच भीती नव्हती. डॉक्टर वस्तरा फिरवायला सांगतील ही भीती होती. आईच्या फणीतून तिलाही होईल ही भीती होती. मोबाइलवर मी शोधलं तेव्हा माझ्यासारखीच डोकी दिसली, त्यातल्या काहींवर केसच नव्हते. एका ठिकाणी लिहिलं होतं की हे आयुष्यभर राहतं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पुन्हा शोधलं नाही.

आमच्या जळोचीच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा ती बारामतीच्या एसटी स्टँडवर आणि मार्केट यार्डाच्या फाटकात वाटायचे: हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, पाण्याच्या वाटपाबद्दल. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. कॉलेजात गेल्यावर पत्रकं लिहायला लागले, तेव्हा बाबा मजकूर तपासून म्हणायचे, "उद्गारचिन्हं जरा कमी कर. लोक घाबरतात." आजार लपवू नका, देवऋष्याकडे जाऊ नका, दवाखान्यात जा, हे मी किती जोरात लिहिलंय. त्यातला एक शब्दही मला आज मागे घ्यायचा नाही. पण ते लिहिताना मला भीती कशी असते ते माहीत नव्हतं. भिणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. भिणारा अडाणी नसतो, तो एकटा असतो.

बारामतीत स्कूटीवरच्या सगळ्याच मुली ओढणीनं डोकं-तोंड बांधतात. कॉलेजच्या फाटकात सगळ्या सोडतात. मी सोडत नव्हते. लिंबू लावून पाहिलं, दही लावलं, खोबरेलात कापूर घालून लावला. कापराची रात्र मी दातांत उशी धरून काढली. शेवटी एका मेडिकलवाल्यानं न विचारता एक ट्यूब दिली. दोन दिवस स्वर्ग. मग ट्यूब संपली आणि सगळं दुपटीनं परत आलं.

त्याच आठवड्यात बावड्याला, आमच्या मूळ गावी, तात्यांच्या नातवाचं जावळ होतं. घरातून मी एकटीच गेले होते. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा गाव सोडून शिकायला आले, तात्या मेंढरांमागं राहिले. पुढं मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला, पण नजर मेंढक्याचीच राहिली. माणूस समोर आला की ते आधी त्याच्या चालण्याकडे बघतात.

बाळाला मामाच्या मांडीवर बसवलं होतं. न्हावी वस्तरा फिरवत होता, बाळ किंचाळत होतं, बाया हसत होत्या. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. वस्तऱ्याचा आवाज मला माझ्या डोक्यावर ऐकू येत होता.

"जळोचीला लई थंडी पडली का गं?" चुलतीनं विचारलं. "घरात बी बांधून बसलीस."

"शेहराची पोरगी हाय ती," दुसरी एक म्हणाली. "केसाला हवा लागली तर रंग उडंल तिचा."

सगळ्या हसल्या, मीही हसले. हसता हसता माझा हात ओढणीखाली गेला आणि बाहेर आला तेव्हा बोटाला रक्त होतं. ते तात्यांनी पाहिलं.

पंगत उठल्यावर ते मला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेले, पोत्यावर बसवलं आणि म्हणाले, "सोड."

मी सोडली. घरातल्या कुणाला मी पहिल्यांदाच डोकं दाखवत होते. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी केस बाजूला सारले, लोकर सारतात तसे, वाफा वाफा करून. त्यांच्या हाताला किळस नव्हती. मला रडू आलं.

"खरूज हाय," ते म्हणाले. "माझ्या मेंढरांच्या निम्म्या खांडाला झालती एकदा. एक मेंढरू मेलं न्हाय त्यात. तू कशापायी मरशील?"

"दवाखान्यात जाते, तात्या."

"जा की. उद्या जा. आज खाज तर थांबू दे."

गोठ्याच्या फळीवर गोचिडाचं औषध होतं. जनावराला फवारतात ते. तात्यांनी बादलीत पाणी घेतलं, बाटलीच्या टोपणानं औषध ओतलं, काठीनं ढवळलं. पाणी दुधासारखं झालं. ते कीटकनाशक आहे हे मला कळत होतं. पण महिनोन्‌महिने झोपेत डोकं ओरबाडणाऱ्या माणसाला कुणी प्रेमानं सांगितलं की आज खाज थांबेल, तर तो मान वाकवतो. मी वाकवली.

पहिले काही क्षण गार वाटलं. मग टाळूवर जणू कुणी निखारा फिरवला. आग कपाळावर उतरली, गालांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मी उठायला गेले तर गोठा कलला. चुलतीला मी ओकताना दिसले आणि तिनं बोंब मारली, "अवं, काय लावलंसा पोरीला!"

तात्यांनी मला उचललं. कुणाची तरी जीप काढली. बावड्यापासून इंदापूरपर्यंत तात्या माझं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "डोळं झाकू नगं. माझ्याकडं बघ. झाकू नगं." माझ्या ओठांतून लाळ गळत होती. मी मरणार का, हे मला विचारायचं होतं, पण जीभ हलत नव्हती.

खरी भीती दवाखान्यात सुरू झाली.

आमच्या भागात तरुण मुलीला औषधाच्या वासासकट दवाखान्यात आणलं, तर त्याचा एकच अर्थ होतो. नर्सनं वास घेतला आणि वर न बघता विचारलं, "किती प्यायली?"

"प्याली न्हाय," तात्या म्हणाले. "डोस्क्याला लावलं."

"सगळे असंच म्हणतात, बाबा. खरं सांगा, पोरीचा जीव आहे."

"मेंढराचं... खरूज..." तात्यांना पुढं बोलता येईना. पोलिसांना कळवावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं. तात्या भिंतीला टेकून खाली बसले. एक नर्स नाकातून घालायची नळी घेऊन आली. मी मान हलवत होते, हातानं डोकं दाखवत होते. पण ओढणी चुलतीनं जीपमध्ये घालताना पुन्हा घट्ट बांधली होती. लोक बघतील म्हणून.

तेवढ्यात बाबा आले. जीप निघतानाच चुलतीनं त्यांना फोन केला होता. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बारामतीहून आले असावेत, केसांत धूळ होती. माझ्या बाबांना आयुष्यात कधी हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "कुणी काही केलं का तुला? सांग. मी काही म्हणणार नाही."

बाबांनाही तेच वाटत होतं. मला आधी राग आला. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि कळलं की ते माझ्याइतकेच घाबरलेत. आपण लपवलेली गोष्ट आपल्याजवळ राहत नाही. तिच्या जागी लोक त्यांना माहीत असलेली सगळ्यात वाईट गोष्ट ठेवतात.

बोटं बधिर होती. गाठ सुटेना. मी ओढणी तशीच ओढून काढली. तिला चिकटलेल्या खपल्या तिच्याबरोबर निघाल्या. वॉर्डात होते तेवढे सगळे बघत होते: नर्स, शेजारच्या खाटेवरची बाई, तिचे पाहुणे, दारातला पोलीस. मी डोकं पुढं केलं.

बाबांनी हात पुढं केला, पण टेकवला नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी हातमोज्यातलं बोट कडेकडेनं फिरवलं, मग माझं तोंड उघडायला लावून आत पाहिलं. "नळी ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "साबणानं डोकं धुवा. पुन्हा पुन्हा धुवा. वास जाईपर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे किती दिवस लपवत होतीस?"

पोलिसानं तात्यांना उभं केलं. "कुणी लावलं?"

"म्या," तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, बेडी घालायला धरतात तसे. जबाब घेणाऱ्यालाही ते बघवेना. मी जड जिभेनं सांगितलं की मला कळत होतं, मी नको म्हटलं नाही, ते तसंच लिहा. त्यानं लिहिलं.

नंतरचं सगळं सावकाश झालं. बारामतीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सोरायसिस. कुणापासून कुणाला लागत नाही. केस काढायची गरज नाही. मेडिकलवाल्याची ट्यूब स्टेरॉइडची होती, ती थांबताच तो भडकला होता. आधी खपल्या मऊ करायचं तेल, मग डांबराच्या वासाचा शाम्पू, तो थोडा वेळ ठेवून धुवायचा. पूर्ण जाईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आटोक्यात राहतो, पण परत येऊ शकतो. म्हणजे भीती गेली नाही. फक्त आता तिला नाव आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा सलग झोपले त्या सकाळी आईनं अभ्रा उलटून पाहिला आणि तसाच उशीवर ठेवला.

तात्या मात्र आमच्याकडे येईनात. फोन केला तर उचलून लगेच चुलतीकडे देत. शेवटी मीच बावड्याला गेले, तेलाची बाटली घेऊन. ते ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढं बसले आणि बाटली दिली.

"म्या न्हाय," ते म्हणाले. "चुलतीला सांग."

"तुम्हीच लावा."

ते उठून गेले. हौदावर हात धुतल्याचा आवाज आला, मग पुन्हा धुतल्याचा. परत येऊन बाटली माझ्याच हातात देऊन म्हणाले, "वाच आधी. काय काय लिवलंय ते समदं वाच."

मी वाचलं. किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही.

"थांब," तात्या म्हणाले. त्यांची बोटं माझ्या केसांपाशी येऊन थबकली होती. "त्ये डोळ्याचं परत वाच."