तळं माझं, बांध ओढ्याचा

शिरोलीला आण्णांची फौंड्री होती, पण जीव सगळा रविवारात. गडमुडशिंगीजवळच्या आपल्या रानात त्यांनी ओढ्याला मातीचा बांध घालून तळं केलं होतं, निव्वळ होडीत बसायला. मांडीवर ट्रान्झिस्टर आणि डोक्यावर छत्री घेऊन ते तळ्याच्या मधोमध बसायचे आणि काठावरच्या माझ्यासारख्यांना ओरडून विचारायचे, "पावणं, कसं हाय तळं माझं?"

तळं त्यांचं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बांधाचं तसं नव्हतं. एका रविवारी खालच्या रानातले बापूभाई तावातावानं वर आले.

"आण्णा, बांध झिरपायलाय की! खाली माझा ऊस हाय."

"बांध ओढ्यात हाय. ओढा सरकारचा. सरकारला सांगा जावा."

एवढं बोलून त्यांनी झिरपत्या जागेवर खुर्ची मांडली, वर ऐसपैस बसले आणि मटणाचं ताट मागवलं. आमच्याही हातात ताटं होती. आम्ही हसलो.

आषाढात बांध फुटला. सकाळी जाऊन बघतो तर तळ्यात नुसता चिखल, आणि होडी बापूभाईंच्या आडव्या झालेल्या उसात.

आण्णा तरातरा उसात शिरले. "होडी माझी हाय. पाणी मात्र आता तुमचं."

बापूभाई गुडघाभर चिखलात उभे होते. म्हणाले, "मग न्या की वल्हवत."

आण्णा खरोखरच होडीत बसले. छत्री उघडली आणि मला म्हणाले, "पावणं, जरा ढकला."

बापूभाईंकडे न बघता मी ढकलू लागलो.