बाईंनी न केलेली सही

शेवगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. पहिल्याच दिवशी मैदानात भिडलेल्या दोन मुलांना मी दोन-दोन छड्या दिल्या आणि न्याय केल्याच्या समाधानात वर्गाकडे निघालो. व्हरांड्यात मुख्याध्यापिका सुमतीबाई उभ्या होत्या. "दोघांना सारखंच मारलंत, सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे भांडण कशाचं होतं ते विचारायला नको." आज ज्यांची पंचाहत्तरी आपण साजरी करतो आहोत, त्या बाईंशी माझा परिचय झाला तो असा. मला तो मुळीच आवडला नव्हता.

बाईंचं म्हणणं असं, की पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोठ्यांसमोर शिक्षा चुकवण्यापुरतंच बोलतात. म्हणून भांडलेल्यांची समजूत त्यांच्याच वयाच्या मुलांनी काढावी. शांत डोक्याची काही मुलंमुली निवडून त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर तयार केली आणि त्यांना 'सोबती' असं नाव दिलं. सोबत्यांनी निकाल द्यायचा नाही. भांडलेल्या दोघांनी आधी समोरच्याची बाजू सांगायची, तो 'बरोबर' म्हणेपर्यंत, मगच स्वतःची. आणि नकाशांच्या खोलीत ही बैठक चालू असताना शिक्षकाने आत पाऊल टाकायचं नाही. आम्ही शिक्षक यावर पोट धरून हसलो. शाळेची जत्रा होणार, असं सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो होतो.

दहावीतली हिरा दर हंगामाला आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाई आणि परतल्यावर मैत्रिणींच्या वह्या उतरवून अभ्यास भरून काढी. त्या वर्षी कुसुमची भूगोलाची वही तिच्याकडे खराब झाली. त्यावरून भर वर्गात दोघी एकमेकींवर धावल्या, आणि बाकाचा कोपरा लागून कुसुमच्या कपाळाला खोक पडली. कुसुमचे वडील शाळा समितीचे सभासद. हिराला काढून टाका, असं ते सांगून गेले. वर्गशिक्षक मी. कसलीही चौकशी न करता मी हिराचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला, 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा मारला आणि बाईंपुढे सहीला ठेवला. असा दाखला हाती पडला की त्या घरातल्या मुलीचं शिक्षण संपलं आणि लग्न ठरलं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

बाईंनी पेन उचललं नाही. "आधी मुलींना बसू द्या," एवढंच म्हणाल्या. कुसुमच्या वडिलांना त्यांनी दोन दिवस थांबायची विनंती केली. पदरी दोन लहान मुलं आणि घर चालायचं ते या एका नोकरीवर. तरी त्यांनी समितीच्या सभासदाला थांबवलं.

अकरावीतल्या दोन मुली सोबती म्हणून बसल्या. दुसऱ्या दिवशी नकाशांच्या खोलीतून रडणं ऐकू आलं आणि मला राहवलं नाही. दार ढकलून मी विचारलं, "पहिला हात कोणी उचलला?" चौघीही गप्प झाल्या. बाईंनी मला बाहेर बोलावलं आणि परत आत जाऊन त्या दोन सोबतिणींची माफी मागायला सांगितली. मी ती दातओठ खात मागितली आणि बाहेर पायरीवर येऊन बसलो.

बऱ्याच वेळाने खिडकीतून कुसुमचा आवाज आला. ती हिराची बाजू सांगत होती. "ही म्हनती, वही भिजली ती माज्या हातनं. नवी उतरून देत हुते, निम्मी झाली बी हुती. पर कुसुमनं मला बोलूच दिलं न्हाई. पालावर राहनारीला वहीची काय किंमत, असं म्हनली."

"व्हय," हिरा म्हणाली.

मग कोणीही न विचारता कुसुम म्हणाली, "आनि पयला हात मी उचलला."

हेच तिने कचेरीत वडिलांना सांगितलं. ते दाखल्याचा विषय न काढता मुलीला घेऊन गेले. बाईंनी दाखला माझ्यादेखत फाडला. "हे हिराला कधी कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "तिला अजून तुमच्याकडून गणित शिकायचंय."

पुढे नेवाशाकडच्या शाळांतले शिक्षक ही रीत पाहायला येऊ लागले. बाईंनी त्यांना कधी व्याख्यान दिलं नाही, सरळ मुलांशी बोलायला बसवलं. मी छडी केव्हा सोडली ते मला नेमकं आठवत नाही. माझ्यासारख्या हेकट माणसाला बाईंनी सांभाळून घेतलं, याचा मी जन्माचा ऋणी आहे.

बाईंच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागायला हिराबाई स्वतः घरी आल्या होत्या. आता त्याही शिक्षिका म्हणून निवृत्तीला आल्या आहेत. मोकळेपणाने लिहा, म्हणाल्या. तर हिराबाई, तुमचा दाखला मी लिहिला होता. बाईंनी इतकी वर्षं माझी लाज राखली आणि मी ती राखू दिली.

बाई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. निदान इतकं तरी, की हे वाचून हिराबाई मला जे काही म्हणतील, ते आपल्यासमोर बसून मला ऐकता यावं.