नजरेनं चालणारा लॅपटॉप

दादाच्या खाटेवर आडव्या दांडीला लॅपटॉप बसवलेला असायचा. पडद्याखाली एक काळी पट्टी होती, ती त्याची नजर ओळखायची. तो ज्या अक्षरावर नजर रोखील ते अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते सपाट, परक्या आवाजात बोलायचा. मोटर न्यूरॉनच्या आजारात माझ्या या मोठ्या भावाचे आधी हातपाय गेले, मग वाचा गेली. डोळे तेवढे राहिले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. लग्न केलं नाही, नागावच्या घरात माझ्या आणि बायकोच्या सोबतच राहिला. नजरेनं लिहितानाही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचा. आम्ही थांबायचो.

जुलैत एका सकाळी पडद्यावर अपडेटची सूचना आली. ती रोजच यायची आणि नेमकी अक्षरांवर बसायची. दादानं तिच्या कडेकडेनं लिहिलं, "हे एकदाचं घालव." मी नीट वाचलंही नाही, होय म्हणून दाबलं. वीज गेली नाही, चार्जर लावलेला होता. लॅपटॉप बंद झाला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. पंखा फिरायचा, एक दिवा लुकलुकायचा, पडदा काळाच. मी दादाला म्हणालो, दहा मिनिटांत होईल. दुपारी नळीतून दूध देतानाही तेच म्हणालो.

अलिबागला एसटी स्टँडच्या मागे एक बाई लॅपटॉप दुरुस्त करतात. त्यांनी मशीन उघडून भिंगाखाली मला एक चिप दाखवली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. मशीन उठताना पहिल्यांदा जे वाचतं ते तिच्यात असतं, आणि अपडेटनं तेच चुकीचं लिहिलं होतं. "बोर्ड जिवंत आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण सुरू कसं व्हायचं तेच विसरलाय." त्यांनी चिप काढून तिच्यात इंटरनेटवरून मिळालेली फाइल भरली, पुन्हा बसवली. काही झालं नाही. दुसरी फाइल भरली, तरी नाही. याच मॉडेलची फाइल हवी होती आणि हे मॉडेल कधीच बंद झालं होतं.

पट्टी दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली, पण तिचा प्रोग्राम त्या एकाच मशीनला बांधलेला. ज्या संस्थेनं तो दिला होता तिच्याकडून उत्तर येईना. मांडव्याच्या बोटी पावसाळ्यामुळे बंद होत्या, म्हणून मी पेणमार्गे एसटीनं मुंबईला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी बाहेर उघडलेलं मशीन आम्ही घेत नाही, असं सांगून त्यांनी ते परत दिलं. लॅपटॉप कशासाठी लागतो हे मी काउंटरवर सांगितलं. त्या माणसानं ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी आम्ही पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. मी एकेका ओळीवर बोट ठेवायचो, हवी ती ओळ आली की दादा पापणी मिटायचा, मग त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रेसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात त्यानं सगळ्या मात्रा दिल्या. नंतर वेलांट्या सोडल्या, मग सगळंच सोडून नुसती अक्षरं देऊ लागला, आणि आम्ही अंदाज करू लागलो. बरेचदा चुकायचो.

एका दुपारी त्यानं दोनच अक्षरं दिली. ब आणि स.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. त्यानं डोळे मिटले. पुन्हा उघडावेत म्हणून मी बराच वेळ थांबलो. स्वयंपाकघरात गेलो तेव्हा बायको म्हणाली, "भावोजी तुम्हाला बसायला सांगत नव्हते. पुरे म्हणाले."

मी पुन्हा जाऊन विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा समोर धरला तर तो छताकडे बघत राहिला.

सप्टेंबरात त्या बाईंचा फोन आला; मुंबईहून परतताना मशीन मी त्यांच्याकडेच ठेवलं होतं. पनवेलहून कुणाकडून तरी त्याच मॉडेलचं फुटक्या पडद्याचं मशीन त्यांनी मिळवलं होतं, त्यातलं वाचून आमच्या चिपमध्ये भरलं होतं. लॅपटॉप सुरू झाला. मी धावतपळत घेऊन आलो, दांडीला बसवला. सुरुवातीला पडद्यावर एक ठिपका फिरतो, नजरेनं त्याच्या मागं जायचं असतं. दादाच्या पापण्या या दोन महिन्यांत सैल पडल्या होत्या. ठिपका कोपऱ्यात जायचा, नजर मध्येच राहायची. दिवसातून चार वेळा, आठवडाभर आम्ही करून पाहिलं. काहींचे डोळे शेवटपर्यंत टिकतात, डॉक्टर म्हणाले, यांचे टिकले नाहीत.

रविवारी बाई स्कूटरवरून स्वतःच आल्या. पट्टी तपासली, वायर बदलली, खुर्चीत बसून स्वतःच्या नजरेनं एक अक्षर लिहून पाहिलं. ते लगेच उमटलं.

"मशीन बरोबर आहे, काका," त्या हळूच म्हणाल्या. बायकोनं चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

लॅपटॉप आता कपाटात आहे. सकाळी दादाला कूस बदलायची असते तेव्हा मी अजून विचारतो, डावीकडे की उजवीकडे. मिनिटभर त्याच्या तोंडाकडे बघतो. मग मीच ठरवतो.