सायखेड्याहून चांदोरीला निघालेलं कमळ

सायखेड्याच्या लंकाबाईची गोष्ट सांगायची म्हणजे चकलीपासूनच सुरुवात करावी लागते. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची दिवाळी. घरात जावई आलेले, तेही नामपूरचे. वाल्मीकराव म्हणजे धोंडाबाईंचे एकुलते जावई. बसायला सतरंजी, वर चादर, समोर फराळाचं ताट. वाल्मीकरावांनी चकली तोंडात टाकली आणि चावायला लागले. चावता चावता लाडू संपला, शेव संपली, चहा गार झाला, तरी पहिल्या चकलीचा घास काही खाली उतरेना. शेवटी त्यांनी गालातला गोळा एका बाजूला सारला आणि सासूबाईंना आपल्या अहिराणीत विचारलं,

"मामी, हाई चकली शे का रब्बर शे?"

धोंडाबाईंनी चकली मोडून नाकाशी धरली आणि तिथूनच हाक मारली, "लंकेऽ! सोऱ्यात काय घातलं व्हतं गं?"

लंकाबाई म्हणजे धोंडाबाईंची सून. स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून ती उभी राहिली. सोऱ्यात तिने मेण घातलं होतं. मेणबत्तीचं मेण. कोमट असताना सोऱ्यातून दाबलं की चांदणीच्या ताटलीतून त्याची अशी सुरेख काटेरी दोरी निघायची की बघत राहावं. ती दोरी मेणबत्तीभोवती गुंडाळली की साडीला जरीचा काठ लावल्यासारखी दिसायची. सोऱ्या तिने नंतर उकळत्या पाण्याने धुतला होता, पण ताटलीच्या भोकांत जे बसलं ते बसलंच. आणि ते जावयाच्या दाढेखाली निघालं.

हे खूळ तिला लागलं ते नाशिक रोडला. नवरा सावळीराम तिथे नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. रोज सायखेड्याहून जाऊन-येऊन करायचा. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, ती बघायला तो तिला एकदा घेऊन गेला. लोक पेढे-पाळणे बघत होते, ही मेणबत्त्यांच्या एका टपरीपुढून हलेना. एका मेणबत्तीवर गुलाबाची वेल चढवलेली, पाकळी न् पाकळी वेगळी. टपरीवरच्या बाईने तिला पाकळी कशी काढतात ते तिथेच करून दाखवलं. मेणबत्ती घरी आली. पण लंकाबाईने ती लावलीच नाही. "लावायची कशी? एवढी नटवलेली!" मग हिने स्वतःच मेण आणलं आणि सुरू झाली. करंजीचं कातणं, पुरणयंत्राची जाळी, मोदकाचा साचा, घरातली एकही वस्तू तिने सोडली नाही.

पण चकलीने घात केला. जावई नामपूरला गेले आणि धोंडाबाईंनी फर्मान काढलं, "माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात, माझ्या सोऱ्यात मेण दिसलं तर बघ."

"मग आत्याबाई, मला पडवी द्या. मी तिथं वेगळा स्टोव्ह मांडते. तुमच्या भांड्याला हात लावणार नाय."

"पडवीत माझी खाट हाय. कांद्याची पोती हायत."

"पोती गोठ्यात जातील."

"आन् मी? मीबी गोठ्यात जाऊ?"

सावळीराम जेवत होता, त्याने पुढचा घास आमटीत बुडवला. दोघींच्या मधे बोलायचं नाही एवढं तो लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकला होता.

धोंडाबाई तशा वाईट नव्हेत. पण दिव्याच्या बाबतीत कडक. त्यांच्या हातच्या वाती गावात लग्नकार्याला मागून न्यायचे. "मेणबत्ती म्हंजी काय दिवा हाय? लाइट गेल्यावर कपाटातून काढायची चीज ती. गंगामाई तिला पाठीवर तरी घेईल का?" असं म्हणता म्हणता त्यांना आपलीच कल्पना आवडली. त्या खाटेवर नीट मांडी घालून बसल्या. "पडवी पाहिजे ना तुला? मग तिपुरी पुनवेला तुझा एक दिवा गंगेत सोडून पेटता चांदोरीच्या काठाला लाव. लागला, तर पडवी तुझी. नाय लागला, तर ते साचे भंगारवाल्याला. आन् पुन्हा या घरात मेणाचं नाव काढायचं नाय."

आता हे नवख्याला सांगायला पाहिजे. सायखेडा गोदावरीच्या या काठाला, चांदोरी त्या काठाला. गोदावरीला तिथे सगळे गंगाच म्हणतात. त्रिपुरी पौर्णिमेला सायखेड्याच्या बाया पानांच्या द्रोणात तेलाचे दिवे सोडतात. दिवे निघतात झोकात, पण द्रोण भिजतो, तेल कलंडतं, आणि मधल्या धारेच्या अलीकडेच सगळे विझतात. धोंडाबाई लग्न होऊन आल्यापासून दिवे सोडत होत्या. त्यांचाही एक कधी पल्याड गेला नव्हता. आणि चांदोरी म्हणजे लंकाबाईचं माहेर.

"चालंल," लंकाबाई म्हणाली. विचार तिने नंतर केला.

सावळीराम हात धुताना हळूच बोलला, "अगं, आईच्या हातचा दिवा नाय गेला आजवर, तुझा जाणार?"

"त्यांचा तेलाचा होता," ती म्हणाली.

पौर्णिमा पंधरा दिवसांवर. चूल बंद, म्हणून तिने गोठ्यात जुना स्टोव्ह मांडला. समोर म्हैस. मेण वितळायला लागलं की म्हैस मान लांब करून हुंगायची आणि फुर्रकन नाक उडवायची. नाशिकच्या रविवार कारंजावरून सावळीरामने पांढरं मेण आणि गुलाबी रंगाची पुडी आणून दिली. म्हणजे तोंडाने तो आईच्या बाजूला, पिशवीने बायकोच्या.

तिने दिव्याचा आकार ठरवला कमळाचा. उभी मेणबत्ती पाण्यात आडवी होते, म्हणून खाली पसरट वाटीत ओतलेलं बूड. मेण लागून स्वयंपाकातून बाद झालेल्या परातीला शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवायचा, त्यावर मेण पातळ पसरायचं, आणि ते चामड्यासारखं लवचीक झालं की कातण्याने पाकळ्या कापायच्या. घाई केली तर चिकटतात, उशीर केला तर तडकतात. तळहातावर धरून, फुंकून, अंगठ्याने खोलगट करून एकेक पाकळी बुडाला लावायची. पोळीचा उंडा मळणाऱ्या हाताला ही नेमकी वेळ कळते. सगळ्यात बाहेरच्या ओळीला तिने कातण्याचीच नागमोडी कड दिली. पहिलं कमळ झालं तेव्हा ते उचलायला तिचा हात होईना.

पण इथेच तिने चूक केली. गंगेला दिवा सोडायचा आणि त्याला हळदकुंकू नाही, हे तिच्या मनाला पटेना. वरून लावलेलं पाण्याने धुऊन जाईल, म्हणून तिने चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू वितळलेल्या मेणातच घातलं, ढवळलं, आणि हात जोडून ओतलं. रंग असा आला की जणू मावळता सूर्य. म्हशीच्या पाण्याच्या डोणीत कमळ सोडून तिने पेटवलं. ज्योत मोठी झाली, मग तडतडली, मग मुगाएवढी झाली, आणि गेली.

तिला वाटलं वारा. गोठ्याचं दार लावलं. पुन्हा गेली. वाटलं म्हैस फुंकते. म्हशीला बाहेर बांधलं. पुन्हा गेली. मग तिने विळीवर ते कमळ उभं चिरलं. पाकळ्यांत जीव अडकला होता, तरी चिरलं. हळदकुंकू सगळं खाली बसलेलं, आणि वातीच्या मुळाशी लाल चिखल जमलेला. वात मेण पिणार कशी? गळाच दाबलेला. देवाच्या नावाने तिने दिव्याचा श्वास बंद केला होता.

"असं होय!" ती म्हशीला म्हणाली. दुसऱ्या कमळात पोटात फक्त पांढरं मेण, गुलाबी रंग नुसत्या पाकळ्यांना, आणि हळदकुंकू शेवटी, कोमट बोटाने बाहेरून दाबून. पाण्याने ते सुटलं नाही.

आता ज्योत टिकली. पण नवीनच भानगड. वात तिने आपल्या कापसाची वळलेली घातली होती, मांडीवर पीळ देऊन. ती थोडी जळली की ताठ उभी राहायची, डोक्यावर काजळीचं बोंड धरायची, भसाभसा धूर काढायची आणि मेण असं झपाट्याने खायची की अर्ध्या वाटेत कमळाला भोक पडावं. पाच-सहा वाती बदलून झाल्या. जाड, बारीक, दुहेरी. बोंड काही जाईना.

त्या संध्याकाळी धोंडाबाई चरवी घेऊन दूध काढायला आल्या. डोणीत कमळ धुमसत होतं. त्यांनी न बघितल्यासारखं केलं. धारा काढत राहिल्या. चरवी भरली तरी उठेनात.

"उभी राहती ना वात?" त्या म्हशीच्या पोटाआडून म्हणाल्या.

"हो आत्याबाई."

"ती उभी राह्यली की काजळी धरणारच. तेलात आपण काडीनं मान मोडून देतो. हितं कोण मोडणार, गंगेच्या मधोमध?"

"मग काय करायचं?"

"ते मी का सांगू? माझी पडवी जाईल." त्या चरवी घेऊन निघाल्या, दारात थांबल्या. वाती वळण्यात आयुष्य गेलेली बाई. वाईट जळणारी वात तिला बघवत नव्हती, मग ती शत्रूची का असेना. "शेतकऱ्याची लेक ना तू? पिळाची दोरी सरळ राहती आन् गोफाची लवती, हे कळत नाय? म्हशीच्या गळ्यात काय बांधलंय ते बघ की!"

म्हशीच्या गळ्यात गोफ विणलेलं दावं होतं. तीन पदरी, वेणीसारखं.

लंकाबाईने सुताच्या तीन पदरांची वात गोफली, मेणात बुडवून सुकवली, कमळात घातली. वात जळत वर आली आणि शहाण्या सुनेसारखी हळूच मान वाकवून बसली. वाकलेलं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जायचं. बोंड नाही, धूर नाही. ज्योत अशी शांत की जणू कोणी तळहातावर घेऊन बसलंय. लंकाबाईने गोठ्यातच एक गिरकी घेतली. म्हैस दचकली.

पौर्णिमेला धोंडाबाईंनी नवा मुद्दा काढला. "पल्याड लागला का नाय ते कोण बघणार? हिचा भाऊ भिकन? तो आलाच म्हणणार! मी सोता जाणार." आणि खरंच नऊवारी नेसून, लेकाच्या स्कूटरवर मागे बसून, पुलावरून त्या चांदोरीला गेल्या. भिकनने चहा पुढे केला तर म्हणाल्या, "आधी निकाल, मग चहा." आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसल्या.

इकडे सायखेड्याच्या घाटावर दिवेलागणीला गर्दी. पैजेची बातमी सगळ्या गावाला. शेजारीण फुलाबाई लंकाबाईला चिकटून उभी. एक तरी पोचावं म्हणून लंकाबाईने पाच-सहा कमळं केली होती. ती पेटवून पाण्यावर ठेवली तेव्हा एकजण म्हणाली, "अगं बाई, ही सोडायची? शोकेसात ठेवायची सोडून!"

वारा चांदोरीकडे वाहत होता. कमळं निघाली. द्रोणांचे दिवे बरोबर निघाले, थोडं हेलकावले, आणि नेहमीसारखे एकेक करून मालवले. कमळं चालतच राहिली. बायांनी टाळ्या पिटल्या.

"थांबा गं," फुलाबाई म्हणाली. "पाणवेली!"

मधल्या धारेला पाणवेलीचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा गालिचा अडकून राहिला होता. पहिलं कमळ त्यात शिरलं आणि थांबलं. दुसरं त्याच्या पाठीवर. तिसरं, चौथं. ती सगळी तिथे दाटीने जळत बसली, जशी काही पंगत. साचे, कातणं, परात, सगळं लंकाबाईला भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसायला लागलं.

"एक बाजूनं चाललंय," फुलाबाई तिचा दंड दाबत म्हणाली. "ते बघ. ते बाहेरून चाललंय!"

सगळ्यात मागचं कमळ गालिच्याच्या कडेला घासत, थांबत, पुन्हा सुटत बाहेरून वळलं. मग ते एवढंसं झालं. मग टिकली. मग दिसेना. विझलं की लांब गेलं, कोणालाच सांगता येईना. लंकाबाईने डोळे ताणले, पण पल्याडचा काठ नुसता काळा.

आणि त्या काळ्या काठावरून पाण्यावरून आवाज आला. फाटका, चढा, साऱ्या घाटाला ऐकू जाईल असा:

"आला गं ऽ ऽ! लंकेऽ, आला! पेटता आलाऽ!"

धोंडाबाई! पैज हरलेली बाई अशी ओरडत होती की जणू जिंकली तीच. घाटावर एकच कल्ला झाला. फुलाबाईने लंकाबाईला उचललंच. एकीने कुंकू तिच्या कपाळाला लावायला हात केला आणि गर्दीत ते नाकाला लागलं. लंकाबाई हसत होती, रडत होती, आणि मोठमोठ्याने ओरडत होती, "आत्याबाई, पाण्यात उतरू नका! पायरी निसरडी हाय!"

पण आत्याबाई गुडघाभर पाण्यात उतरून कमळ उचलून मोकळ्या झाल्या होत्या. चहा राहिला तो राहिलाच. सावळीरामच्या स्कूटरवर त्या बसेनात. वाऱ्याने विझेल म्हणाल्या. पदराचा आडोसा करून, पेटतं कमळ दोन्ही हातांत धरून, त्या पुलावरून चालत आल्या आणि लेक मागून स्कूटर ढकलत आला. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होत्या, "आमच्या सुनेचा. हितून तिथं गेला. वात गोफाची हाय, गोफाची!" कोणी हात लावायला आला की खेकसत होत्या.

घरी आल्या त्या देवघरात गेल्या नाहीत. पडवीत गेल्या. कांद्याच्या पोत्यावर कमळ ठेवलं, कमरेवर हात दिले आणि चारी भिंतींकडे बघितलं.

"सावळ्या, ही पोती काढ."

"आत्ता? कुठं ठेवू?"

"तुझ्या डोक्यावर ठेव. आन् माझी खाट त्या कोपऱ्यात सरकव. हिकडं स्टोव्ह येईल, खिडकीपाशी, म्हंजी धूर जाईल."

"आत्याबाई, तुम्ही म्हटलं होतं पडवी माझी," लंकाबाई हसत म्हणाली.

"पडवी तुझीच. पण वाती कोण गोफणार? तुझ्या वातीला अजून ढिलाई हाय, मी बघितलं तिथं. मला हितंच बसावं लागंल."

पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. तेव्हा बाजारच्या साध्या मेणबत्त्या सोडून लोक लंकाबाईची कमळं मागायला यायला लागले. नाशिक रोडच्या लग्नांत, बारशांत, हॉटेलांच्या टेबलांवर ती जाऊन बसली. सावळीरामची स्कूटर खोक्यांनी भरून जायची. पडवीच्या दारात कोणी आलं की आतल्या खाटेवरून आधी धोंडाबाईच विचारायच्या, "पाण्यात सोडायचं का टेबलावर ठेवायचं? तसं सांगा. वात वेगळी घालावी लागती."

आणि लंकाबाई परातीतल्या मेणावरून नजर न काढता म्हणायची, "त्यांना आधी बसू तर द्या."